मिस्त्री सापडत नाही, अन् पोराला नोकरी सापडत नाही

(महासंघाच्या वार्षिक सभेत शासकीय आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक हा ट्रेड शिकवणाऱ्या निदेशक ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच, थोडं आवरून छापलं आहे.)



मला पत्रात विषय दिला होता ‘कौशल्य आणि रोजगार’. हा विषय फार मोठा आहे. त्यावर बोलायला मंत्री येतात. मी एकच ट्रेड शिकवते, डिझेल मेकॅनिक. मी त्यावरच बोलणार.

सभेआधी तुमच्या व्यवस्थापक ताईंनी मला ठरावांची वही दाखवली. त्यात दोन नोंदी दिसल्या. पहिली अशी की, औजार बँकेचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत अकरा दिवस उभा राहिला, मिस्त्री मिळाला नाही, चार गावांची भाडी गेली. त्यानंतर चार पानं उलटली की दुसरी नोंद. एका गटातल्या ताईंनी साठ हजारांचं कर्ज मागितलंय. कारण लिहिलंय, ‘मुलाच्या नोकरीसाठी’. चौकशी केली तेव्हा कळलं की मुलगा डिझेल मेकॅनिक पास आहे, दोन वर्षं घरी आहे, आणि पैसे एका एजंटाला द्यायचे आहेत. त्या ताई कोण, हे मी विचारलं नाही, तुम्हीही आत्ता इकडंतिकडं बघू नका. पण विचार करा. आपल्याला मिस्त्री हवाय, पोराला काम हवंय, दोघं एकाच तालुक्यात आहेत, आणि दोघांची गाठ पडत नाही. असं का होतं?

पहिलं कारण वयाचं आहे, आणि ते कुणी सांगत नाही. मुलगा दहावी होतो सोळाव्या वर्षी. डिझेल मेकॅनिकचा कोर्स एक वर्षाचा आहे. म्हणजे सतराव्या वर्षी त्याच्या हातात सर्टिफिकेट येतं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय कारखाना त्याला उभा करत नाही, आणि गाडी चालवायचं लायसन्सही मिळत नाही. गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला लायसन्स लागतंच, कारण दुरुस्त केलेली गाडी एक चक्कर मारून बघायची असते. मग ते वर्ष मुलगा पारावर बसून काढतो. वर्षभर हाताला पाना लागला नाही की शिकलेलं निम्मं जातं. पुढं मुलाखतीला गेला की साहेब विचारतो, ‘मधल्या वर्षात काय केलं?’ पोरगं खाली बघतं.

म्हणून तुमचा मुलगा लहान वयात दहावी झाला असेल, तर दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड आधी बघा. त्यात डिझेल इंजिन असतंच, शिवाय गाडीचं बाकीचं कामही येतं. एक वर्षाचाच घ्यायचा असेल आणि तुमच्याकडं शेती, ट्रॅक्टर असेल, तर ट्रॅक्टर मेकॅनिक हाही एक वर्षाचा ट्रेड आहे. आपल्याकडं ‘डिझेल’ हे नाव जुनं आणि माहितीचं, म्हणून सगळे तिकडंच वळतात.

दुसरं कारण इंजिनच बदललं, हे आहे. हे जरा सविस्तर सांगते.

तुमच्या वडलांच्या विहिरीवर जे डिझेल इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं, धक धक धक करायचं, ते गावचा मिस्त्री कानानं ओळखायचा. नोझल काढायचं, साफ करायचं, रिंगा बदलायच्या, काम झालं. तो मिस्त्री कुठं शिकला? दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली. त्यानं पाच वर्षं ग्रीस पुसलं, चहा आणला, शिव्या खाल्ल्या, मग उस्तादानं एक दिवस हेड उघडायला दिलं.

आता ट्रक, बस, पिकअप यांना १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू आहे. धूर कमी करायचा तर डिझेल बारीक फवाऱ्यानं जळावं लागतं, आणि बारीक फवाऱ्याला प्रचंड दाब लागतो. गाडीच्या टायरात हवेचा दाब दोन-अडीच बार असतो. या नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब पंधराशे-दोन हजार बारपर्यंत जातो. हा दाब सांभाळतो संगणक. इंजिनात बिघाड झाला की आधी स्कॅनर लावायचा, तो कोड दाखवतो, कोडवरून दोष शोधायचा. इथं नुसता कान चालत नाही. आणि हातही जपावा लागतो. जुने मिस्त्री गळती बघायला पाइपावरून बोट फिरवायचे. या इंजिनावर तसं केलं तर डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून सुईच्या टोकाएवढी खूण दिसते, आणि आत बोट सडायला लागतं. तासाभरात दवाखान्यात पोचलं नाही तर बोट जाऊ शकतं. गळती पुठ्ठा धरून बघायची असते. तुमच्या घरात कुणी गॅरेजवर असेल तर हे आज रात्रीच सांगा.

आणखी एक गंमत सांगते. गंमत कसली, नुकसानच. नव्या गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी एक निळ्या झाकणाची टाकी असते. तिच्यात डीईएफ नावाचं पाणी घालतात. त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया असतो. कुणाच्या तरी डोक्यात आलं की युरिया तर आपल्या घरात पोत्यानं आहे! कालवला बादलीत आणि ओतला. शेतीच्या युरियाला निंबाचं तेल लावलेलं असतं, त्यात बाकीही घाण असते. सगळी यंत्रणा जाम. असल्या गाड्या टोचन करून गॅरेजला येतात आणि बिल हजारांत नाही, लाखाच्या आसपास जातं.

तर कंपन्या आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, आम्हाला मेकॅनिक मिळत नाही. खरं आहे, त्यांना स्कॅनर समजणारा हवाय. आणि तोही ‘अनुभवी’. आमचा मुलगा आयटीआयमध्ये उभ्या इंजिनावर शिकलेला असतो. सगळ्याच आयटीआयत नवं इंजिन, नवा स्कॅनर वेळेवर पोचत नाही, हे मी सरकारी नोकर असून तुमच्यासमोर सांगते. मुलाला अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही.

पण यातून एक वाट आहे, आणि ती पुष्कळांना माहीत असून लोक ती घेत नाहीत. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. १९६१ चा कायदा आहे. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ठराविक प्रमाणात शिकाऊ घ्यावेच लागतात. आपलं एसटी महामंडळ डेपोंमध्ये, विभागीय कार्यशाळांमध्ये घेतं. मोठ्या गाड्यांच्या कंपन्या घेतात. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि तो ‘अनुभव’ म्हणून चालतो. नोंदणी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर फुकट होते. त्याला एजंट लागत नाही.

घरचे नको म्हणतात. का? ‘पगार नाही, नुसतं विद्यावेतन, त्यात खोली आणि मेस भागत नाही.’ हे खरं आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठंही जा, चार मुलांनी मिळून खोली घेतली तरी महिना ओढाताणीचा जातो. मला विचाराल तर गटाच्या अंतर्गत कर्जाला याहून चांगलं कारण नाही. एजंटाला साठ हजार देण्यापेक्षा शिकाऊ मुलाला महिन्याला दोन-अडीच हजारांचा आधार द्या, वर्षभर. तीस हजारांच्या आत भागतं. आणि ते पैसे कशात गेले हे आईला दिसतं.

आता त्या कर्जाबद्दल बोलते. कुणाला दुखवायचं नाही. दोन वर्षं मुलगा घरात बसलाय, शेजारीपाजारी विचारतात, लग्नाची बोलणी अडतात, आईचा जीव तुटतो. अशा वेळी कुणी ‘लावून देतो’ म्हटलं की देव भेटल्यासारखं वाटतं. पण गटाचा पैसा दहा जणींचा आहे, म्हणून कर्ज देण्याआधी गटानं काही विचारावं. नोकरी इथली की परदेशातली?

इथली असेल, तर खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. गणवेशाचे, ‘रजिस्ट्रेशन’चे, ‘डिपॉझिट’चे, कशाचेच नाही. ज्याला आधी पैसे लागतात तो माणूस कंपनीचा नसतो. एसटीत किंवा सरकारी खात्यात ‘लावतो’ म्हणणाऱ्याला तर उठून दार दाखवा. तिथली भरती जाहिरातीनं होते.

आखाती देशाची असेल, तर तिथं डिझेल मेकॅनिकला मागणी आहे, हे खरंच आहे. जनरेटर, जेसीबी, क्रेन, ट्रक, सगळं डिझेलवर. पण मुलाला पाठवणारा एजंट केंद्र सरकारकडं नोंदलेला पाहिजे. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. नोंदलेल्या एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. साठ हजार मागतोय आणि पावती देत नाही, एवढ्यावरूनच काय ते समजा. दुसरं, व्हिसा कामाचा आहे की फिरायला जाण्याचा, हे बघा. फिरायच्या व्हिसावर नेलेला मुलगा तिथं चोरासारखा राहतो. मालकानं पगार दिला नाही तरी तक्रार कुठं करणार? करारावर पगार किती, राहणं कुणाकडं, परतीचं तिकीट कुणाचं, हे लिहिलेलं असतं. इंग्रजी वाचता येत नसेल तर माझ्याकडं आणा, वाचून दाखवते. आणि गटाच्या वहीत कर्जाचं कारण ‘मुलाच्या नोकरीसाठी’ एवढंच लिहू नका. कुणाला दिले, कशाचे दिले, पावती क्रमांक काय, हे लिहा. उद्या पोलिसात जावं लागलं तर ती वही पुरावा असते.

नोकरी लागली तरी आईनं दोन गोष्टी विचाराव्यात. नेमणुकीचं पत्र मिळालं का? आणि पीएफ कापतात का? पगारातून बारा टक्के कापतात आणि मालकही भर घालतो. त्याचा यूएएन नंबर मुलाकडं पाहिजे, मोबाइलवर पासबुक दिसतं. ठेकेदाराकडची मुलं सांगतात, ‘कापतात ना.’ पासबुक उघडलं की कोरं. ईएसआयचं कार्डही बघा. पान्यानं, फॅनबेल्टनं, जॅक घसरून बोटं जाण्याचा हा धंदा आहे. कार्ड नसेल तर दवाखान्याचं बिल पुन्हा गटाच्या दारात येतं.

आता आपल्या ट्रॅक्टरकडं येते.

तुम्ही म्हणता मिस्त्री टिकत नाही. मागच्या वर्षी ठेवलेला मुलगा चार महिन्यांत निघून गेला, दिवाळीनंतर फोनच उचलला नाही. त्याला दोष देण्याआधी त्याचा हिशेब करून बघा. औजार बँकेकडं दोन ट्रॅक्टर, दोन रोटाव्हेटर, एक पेरणी यंत्र, एक मळणी यंत्र. पेरणी आणि सुगी धरून चार महिने त्याला दिवसरात्र काम, आणि बाकी आठ महिने तो शेडमध्ये बसून. तुम्ही त्याला बाराही महिने पगार देऊ शकत नाही, आणि चार महिन्यांच्या पगारावर त्याचं घर चालत नाही. त्याच्या जागी तुम्ही असता तरी गेला असता.

एका औजार बँकेला मिस्त्री परवडत नाही. तीन प्रभागसंघांना मिळून परवडतो. ठराविक महिना ठरवा, तिघांनी वाटून घ्या, आणि त्यावर प्रत्येक कामाची वेगळी मजुरी द्या. बाहेरच्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टरही त्याला करू द्या. फोन महासंघाच्या कार्यालयात घ्या आणि गावं क्रमानं लावा. आपल्याकडं बहुतेक ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरच्या खालचे आहेत. पन्नासच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवा धुराचा नियम आला, त्यांच्यात कॉमन रेल आलं. खालच्यांत अजून पुष्कळ जुनीच यंत्रणा आहे. म्हणजे आमच्या आयटीआयचा नवा मुलगासुद्धा तुमचा ट्रॅक्टर नीट सांभाळू शकतो. तुम्हाला दहा वर्षांच्या अनुभवाचा उस्ताद लागत नाही. गावातला उस्ताद महिन्यातून दोनदा देखरेखीला बोलवा, रोजचं काम मुलाला द्या. उस्तादाकडं कागद नसतो, मुलाकडं अनुभव नसतो. दोघांचं जमतं. उस्तादालाही ‘पूर्वज्ञान मान्यता’खाली परीक्षा देऊन कागद मिळवता येतो, हे जाता जाता.

आणि खरं सांगू? तो ट्रॅक्टर अकरा दिवस उभा राहिला तो कशानं, हे मी तुमच्या ड्रायव्हरला विचारलं. एअर क्लीनर भरला होता, इंजिननं धूळ ओढली. मळणीच्या भुसकटात चालणाऱ्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर रोज बघावा लागतो. मीटरवर तास दिसतात. साधारण अडीचशे तासांना इंजिन ऑइल बदलायचं, नेमके तास कंपनीच्या पुस्तकात असतात. रोज सुरू करण्याआधी ऑइलची कांडी, रेडिएटरचं पाणी, एअर क्लीनर आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी बघायचं. याला पाच मिनिटं लागतात आणि मिस्त्री लागत नाही. तुम्ही बचतीची वही ज्या हातानं ठेवता, त्याच हातानं तासांची वही ठेवा. ड्रायव्हरवर सोडू नका, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतो.

मध्ये एक ताई म्हणाल्या, डिझेल आता संपणार म्हणतात, मग पोरांना कशाला शिकवायचं? अर्धं खरं आहे. विहिरीवरचं डिझेल इंजिन गेलंच, वीज आली, आता सौर पंप आले. एसटीनं १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर विजेवरची शिवाई सोडली, त्याच मार्गावर १९४८ साली एसटीची पहिली गाडी धावली होती. पण ट्रॅक्टर, हार्वेस्टर, जेसीबी, मालाचे ट्रक, दवाखान्याचा जनरेटर हे सगळं अजून डिझेलवर आहे, आणि आज विकलेला ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षं चालतो. फक्त, मुलानं वायरिंग, बॅटरी, मल्टिमीटर यांचा कंटाळा करू नये. माझ्या वर्गात मुलं ग्रीसला घाबरत नाहीत, वायरीला घाबरतात.

शेवटचा विषय मुलींचा. तुम्ही हसाल, पण मी स्वतः उभी आहे तुमच्यासमोर.

आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. डिझेलच्या वर्गात त्या भरत नाहीत, मग मुलांना जातात. आई म्हणते, ‘जड काम आहे.’ इंजिन हातानं कोणी उचलत नाही, बायांनो. चेन ब्लॉक असतो, हायड्रॉलिक जॅक असतो. तुम्ही डोक्यावर जेवढं सरपण वाहता तेवढं वजन माझ्या वर्गात कुणी उचलत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. गॅरेजवर बाईला संडास नसतो, रात्री उशिरापर्यंत काम चालतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘मालकाला बोलवा.’ त्यामुळं मी मुलींना आधी रस्त्यावरचं गॅरेज सुचवत नाही. कंपनी, एसटी डेपो, किंवा पंप-नोझलचं कॅलिब्रेशन. हे तिसरं काम लक्षात ठेवा. डिझेल पंप आणि इंजेक्टर उघडून, मोजून, पुन्हा बसवायचे, मशीनवर तपासायचे. बंद खोलीत चालतं, कारण धुळीचा एक कणसुद्धा चालत नाही. बारीक हात, चोख नजर, नोंद ठेवायची सवय, हेच लागतं. चार तालुक्यांच्या गाड्यांचे पंप लांब शहरात पाठवावे लागतात आणि गाडी आठ दिवस उभी राहते. ते काम इथं झालं तर गिऱ्हाईक शोधत जावं लागणार नाही.

भांडवल लागतं, मशीन महाग आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगाला वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागातल्या महिलेला पस्तीस टक्के अनुदान, स्वतःचे पाच टक्के, उरलेलं बँकेचं कर्ज. मात्र घरच्या पुरुषानं गॅरेज काढायचं आणि अनुदानासाठी नाव सुनेचं टाकायचं, हे माझ्यापाशी बोलू नका. हप्ता थकला की बँकेचा माणूस सुनेलाच शोधत येतो, आणि तिला पंप कुठल्या बाजूनं उघडतात हेही माहीत नसतं. नाव तिचं असेल तर पाना तिच्या हातात पाहिजे.

दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन सुरू होतात. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, निकालानंतर तहसीलला रांग लागते. नेट कॅफेवाला जो ट्रेड आधी दिसेल तो भरतो, म्हणून पसंतीक्रम घरून कागदावर लिहून न्या. आणि कुठल्याही सरकारी आयटीआयत जाऊन विचारलंत तरी सांगतात. मी आज जेवणानंतर चारपर्यंत इथंच आहे. दहावीत मुलगी असलेल्या आयांनी वाढपाच्या रांगेत गाठलं तरी चालेल, आणि ज्यांच्याकडं एजंटाचा कागद असेल त्यांनी तो सोबत आणा.